पुढची फाईल

इस्पितळातले संगणक इतके मंद होते की ते सांभाळणाऱ्या इंजिनिअरला सिस्टर सुनावायच्या, "दादा, तुमची फाईल उघडेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जातो." मग त्याने यंत्रणा सुधारली. एकेका पेशंटसाठी डॉक्टर कोणत्या फाईलनंतर कोणती उघडतात हे ती लक्षात ठेवू लागली, आणि पुढची फाईल कुणी मागण्याआधीच मेमरीत आणून ठेवू लागली. महिनाभरात तिचा अंदाज चुकेनासा झाला.

त्यानंतर त्याची आईच तिथे दाखल झाली. आज डॉक्टरांनी त्याच्यासमोर तिचा रिपोर्ट वाचला आणि संगणकावर एका इंजेक्शनचा फॉर्म भरला.

"दुखणं थांबेल याने. आठवड्याभरात घरी न्या आईंना."

"नक्की ना, डॉक्टर?"

"अहो, मी सांगतोय ना."

त्याचा जीव भांड्यात पडला. घरी सोडण्याचा फॉर्म एव्हाना मेमरीत येऊन बसलाही असेल, या खात्रीने तो तळघरातल्या आपल्या खोलीत गेला आणि त्याने आईच्या नावापुढची नोंद पाहिली.



तिथे मृत्यूच्या दाखल्याचा कोरा फॉर्म तयार होता.