मास्तर ऐकतात

मास्तरांनी हेडफोन उचलला, उलटापालटा करून बघितला आणि पुन्हा खुंटीला अडकवला.

"हे मला नको," ते म्हणाले. "आणि माझी खुर्ची हिच्या समोर ठेवा. अगदी समोर."

रेकॉर्डिस्टने तिच्याकडे बघितलं. अल्बम तिचा, तिघांच्या बँडची प्रमुख ती, तेव्हा हुकूमही तिचाच. तिने मान हलवली. समोर बसून हे आता दिवसभर चुका काढणार.

एकोणीस वर्षं तिने मास्तरांच्या मागे बसून ड्रम वाजवले होते. त्यांचा सॅक्सोफोन पुढे उजेडात, ही मागे. त्यांचा जॅझ मोकळा, म्हणजे ना ताल ठरलेला ना चाल. एकमेकांचं ऐकत जायचं आणि त्या क्षणाला सुचेल ते वाजवायचं. निदान सांगायची पद्धत तशी. प्रत्यक्षात सगळ्यांनी मास्तरांचं ऐकायचं आणि मास्तरांनी कुणाचंच नाही. एकदा भर कार्यक्रमात थांबून त्यांनी तिला विचारलं होतं, "झाली का भांडी घासून?" लोक हसले. तीही हसली. घरी जाऊन मात्र दोन दिवस तिने ड्रमवरची चादर काढली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी तिने त्यांचा बँड सोडला. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःचा पहिला अल्बम करायची वेळ आली, तर सॅक्सोफोनसाठी दुसरं कुणी डोळ्यांपुढे येईना. मनाचा हिय्या करून तिने फोन लावला. तो मास्तरांच्या मुलीने घेतला. "बाबांना विचारून सांगते," म्हणाली आणि दहा मिनिटांत तिचा उलटा फोन आला. "येतो म्हणाले. कुठे, किती वाजता, तेवढं लिहून पाठवा."

"वहिनी, कशाला ही ब्याद?" बेस वाजवणारा तिचा दीर म्हणाला होता. "नाव तुमचं आणि राज्य त्यांचं, असं होईल."

तिलाही तीच धास्ती होती.

लाल दिवा लागला. तिने ब्रशने ड्रमच्या कातड्यावर हलके हात फिरवायला सुरुवात केली. एरवी मास्तर तिसऱ्या सेकंदाला मध्ये घुसायचे. आज सॅक्सोफोन ओठांशी धरून ते थांबले. पुरतं एक मिनिट थांबले. तिने झांजेवर पहिला फटका टाकला, आणि तेव्हा ते आत आले, खालच्या सुरात, दाराशी चपला काढून आल्यासारखे. ती चढली की ते चढत. ती उतरली की उतरत.

"आज सूर्य कुठून उगवलाय?" तुकडा संपल्यावर दीर तिच्या कानाशी पुटपुटला.

दुसऱ्या तुकड्याआधी मास्तरांनी विचारलं, "कसं करायचं?" ती सांगत होती तोवर ते तिच्या तोंडाकडे एकटक बघत होते, परीक्षेआधीच्या मुलासारखे. इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता.

मध्येच काचेपलीकडून, स्पीकरमधून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "मास्तर, जरा माइकजवळ सरकता का?" मास्तरांनी मानही वळवली नाही. दिराने नाक मुरडलं. ती उठली, त्यांच्यापुढे जाऊन तेच बोलली आणि ते मुकाट्याने सरकले.

"बघा वहिनी," दीर म्हणाला, "फक्त तुमचं ऐकतायत."

चौथ्या तुकड्यात भर वेगात असताना तिला अचानक थांबावंसं वाटलं. ठरलेलं काही नव्हतं. तिने हात हवेतच रोखले. दिराचा बेस दोन ठोके पुढे घसरला. मास्तर मात्र तिच्याबरोबर थांबले, त्याच क्षणी. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुपारी वाजवलेलं ऐकायला सगळे काचेपलीकडे गेले. मास्तर चहाचा पेला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले.

"तुम्ही नाही येत?" तिने त्यांच्यासमोर वाकून विचारलं.

"अल्बम तुझा आहे. काय ठेवायचं ते तू ठरव."

एकोणीस वर्षांचं काहीतरी तिच्या आतून सुटलं. काचेपलीकडे बसून तिने सातपैकी झालेले चार तुकडे ऐकले. एकही टाकून द्यावासा वाटला नाही.

पाचच्या सुमाराला सातवा संपला. दिराने बेसला मिठीच मारली. मास्तरांनी सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवला, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीत जाऊन बसले. पेटी न्यायला मुलगी आत आली.

"दमले असतील," तिने मुलीला म्हटलं. "खरं सांगू, मी आज घाबरत आले होते. म्हटलं, हे मला वाजवू देतात की नाही. पण मास्तरांनी दिवसभर इतकं ऐकलं माझं. भरून पावले मी."

मुलीने उचललेली पेटी परत खाली ठेवली.

"ते तुम्हाला काही बोलले नाहीत?"

"कशाबद्दल?"

"वर्ष होत आलं, बाबांचे दोन्ही कान पूर्ण गेलेत. सगळ्यांना नाही म्हणत होते. तुमचा निरोप मी कागदावर लिहून दाखवला, तर म्हणाले, तिला माझ्यासमोर बसवा, तिचे हात दिसले की पुरे."