सोवळ्यातला तांब्या

"सूनबाई, आधी तीर्थ, मग चहा. तीर्थानं सारं बरं होते. अन् सोवळ्यातला तांब्या कोणाले शिवू देऊ नको."

शांताबाई जाऊन काही वर्षं झाली होती, तरी देव्हाऱ्यापुढे बसलं की पद्मिनीला सासूचा आवाज ऐकू येई. तिनं तांब्यातलं तीर्थ घेतलं. डोळे मिटले. हळूहळू हातांचा कंप थांबला.

मागे काचांचा सडा तसाच होता. भिंतीवर वरणाचे ओघळ सुकले होते. दारू चढली की या घरात हाताला लागेल ते उडे. काल तवा उडाला होता.

शेजारची सोनिया दारातूनच म्हणाली, "दीदी, कब तक सहोगी? तेलीबांधा में नशामुक्ति वाले हैं, भैया को ले जाओ न!"

"हव," पद्मिनी हळू आवाजात म्हणाली. "आज सोमवार आहे गं माझा. उपासाच्या दिवशी वाद नको."

तेवढ्यात नरेश बाहेर आला. उरला गावच्या रोलिंग मिलमधला आडदांड गडी, पण मान खाली. उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला.

"शरम करो, भैया!" सोनिया फणकारली आणि निघून गेली. सारा पारा, सारा मोहल्ला त्याला बोले, तो ऐकून घेई.

"आपली अबोली कशी आहे?" पद्मिनीनं विचारलं.

"कपाळ फुटलं. जरा खाली लागता तर डोळा गेला असता पोट्टीचा." त्यानं गळ्यातलं फडकं सावरलं. "रात्री वचन दिलं आहे तिले. आज तेलीबांध्याले जायचं म्हणून."

"पूजा आटपू द्या."

ती फुलं आणायला गॅलरीत गेली. परतली तेव्हा अबोली देव्हाऱ्यापुढे उभी होती. कपाळाची पट्टी सोडलेली, हातात तांब्या.

"शिवू नको त्याले!"

"काहून? आजी म्हणे, तीर्थानं सारं बरं होते." पोरीनं तळहातावर तीर्थ घेऊन जखमेवर थापलं.

आणि ती किंचाळली. नरेश धावला. त्यानं तिला पोटाशी धरलं, धडक्या हातानं जखमेवर पाणी ओतत राहिला. तांब्यातला दारूचा भपकारा देव्हाऱ्यातल्या उदबत्तीला पुरून उरला.

पद्मिनीनं तांब्या मोरीत उपडा केला, पायात चप्पल सरकवली आणि काल तवा फेकलेला हात पदराखाली घेऊन एकटीच तेलीबांध्याच्या वाटेला लागली.