तेरावा धोका

"तेरावा धोका राहिला की," वाल्मीक म्हणाला आणि त्यानं वहीत लिहिलं : दिलशाद.

पौडच्या भातगिरणीत पोत्यांवर तिघं बसली होती. दिलशाद, माणचा वाल्मीक आणि ताम्हिणीचा भिवाजी. साल त्र्याऐंशी, कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष. गिरणीत कुणाचं भात कोणत्या दिवशी भरडायचं, ही पाळी मशिनकडून लावून घ्यायची, असा तिघांचा मिळून प्रोजेक्ट. सरांनी बजावलं होतं, काम बुडवू शकेल असा एकेक धोका परीक्षेआधी लिहून काढा आणि पुढं त्यावरची तोड. लाइट जाणं, पाऊस, उंदीर असे बारा झाले होते. गिरणीतले उंदीर असे माजलेले, की मांजरसुद्धा नंबर लावून आत यायचं. आणि इथं प्रोग्रॅम सगळा भोकं पाडलेल्या आठशे कार्डांवर. एक कुरतडलं की कारभार आटोपला.

"मी धोका व्हय रे?" दिलशादनं विचारलं.

"तू न्हाई. तू एकटीच हायेस, ह्यो धोका. मधला समदा भाग तुझ्या डोक्यात. उद्या तुला ताप भरला, तर आमी काय कार्डांना उदबत्ती ओवाळायची?"

भिवाजी क्वचितच बोलायचा. तो म्हणाला, "आमच्यात लावणी सावडीनं व्हती. आज तुझं खाचर, उद्या माझं. समद्या बाया समद्यांच्या चिखलात वाकलेल्या. मग एक आजारी पडली तरी काम आडत न्हाई."

बोलणं खरं होतं, म्हणूनच दिलशादला लागलं.

घरची गोष्ट वेगळी होती. तिचे अब्बा मोहिद्दीन, बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. सहा महिन्यांपासून तिला स्थळं येत होती. लोणावळ्याची मंडळी तर तीनदा येऊन गेली. मुलाच्या मामानं एवढा चहा ढोसला, की दोन दिवस पौडात वासरांना दूध उरलं नाही म्हणतात. दर वेळी दिलशाद एकच सांगायची, "अब्बा, माझ्याबिगर त्या पोरांचं पान हलत नाही. मधेच कशी सोडू?" ज्या माणसानं गिऱ्हाइकाला कधी बोटभर कापड कमी मोजलं नाही, त्याला ते पटायचं. पाहुणे पानसुपारी घेऊन वाटेला लागायचे. ते एक वाक्य म्हणजे तिची छत्री होती. आता पोरांना शिकवायचं, म्हणजे मुळशीच्या पावसात ती आपल्या हातानं मिटायची.

दोन दिवस तिनं टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी कॉलेजात भिवाजी एकटाच तिची कार्डं उजेडाला धरून बसलेला दिसला. तांदळातले खडे निवडावेत तसा एकेक भोक बोटानं चाचपत होता. तिला राहवलं नाही. शेजारी बसत म्हणाली, "सरक. हितनं वाचायचं असतं."

मग महिनाभर सावड चालली. तिच्या भागात दोघं उतरले, त्यांच्यात ती. वाल्मीकनं तर तिची चूकच काढली. एकाच नावाचे दोन शेतकरी आले, की तिच्या प्रोग्रॅमनं एकाचं भात दुसऱ्याच्या पदरात टाकलं असतं. सहा महिन्यांत तिला ते दिसलं नव्हतं.

परीक्षेला मोहिद्दीन स्वतः आले, इस्त्रीची टोपी घालून. सरांनी धोक्यांची यादी वाचली, तेराव्याशी थांबले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "दिलशाद, तुम्ही बाहेर थांबा. बाकीच्यांनी असं धरायचं, की पट्टा तुटून गिरणी दोन दिवस बंद पडली. आता पाळी नव्यानं लावून दाखवा."

बदल नेमका तिच्या भागात होता. बाहेर बाकावर ती अब्बांशेजारी बसली. आत जमलं नाही, तर तिघांचं वर्ष बुडणार. जमलं, तर लोणावळ्याचा मामा चौथ्यांदा चहाला येणार. तिनं डोळे मिटले आणि जमू दे, एवढीच दुआ मागितली.

तासाभरानं आत प्रिंटर कडाडला. वाल्मीक धोतराएवढा लांब कागद फरफटवत बाहेर आला. "चाललं. तुझी कुणाला आठवणबी झाली न्हाई."

दिलशाद हसली. मग तिला शेजारचे अब्बा आठवले.

"म्हंजे तुझ्याबिगर चालतंय त्यांचं?" मोहिद्दीननी विचारलं.

"चालतंय, अब्बा," ती मान खाली घालून म्हणाली.

मोहिद्दीननी शेरवानीच्या आतल्या खिशातून घामानं मऊ पडलेलं पाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "मग हे घे. दिवाळीत मुंबईला मुलाखत दिलीस, त्या कंपनीचं हाय. एक तारखेला कामावर बोलावलंय. तू गेलीस तर ही पोरं बुडतील, म्हणून पंधरा दिस खिशात दाबून फिरतोय."