पुलापर्यंत

फोन : ९१ टक्के

“आलो, आजी, आलो! बर्फच बर्फ! ट्राम बघ, ट्राम!”

टिंग टिंग झालं.

“अगं, हळू,” आजी इस्पितळातून म्हणाली. “डॉक्टरांना फक्त हृदय दुरुस्त करायचंय. कानांचं काम वाढवू नकोस.”

नऊ वर्षांच्या नातीला घरात भोंगा म्हणत, ते उगाच नाही.

कॅरॅव्हॅनची सहल दोनदा ठरली होती, आणि दोन्ही वेळा आजीच्या दुखण्यापायी रद्द झाली होती. तिसऱ्यांदा आजीनं हट्ट धरला. तुम्ही निघा. मी ह्यांच्याबरोबर गेले होते, त्या शहरातल्या जुन्या पुलावरून मला फोन करा, मगच मी ऑपरेशनच्या कागदावर सही करीन. नाही आला फोन, तर डॉक्टरांनी दुसरं गिऱ्हाईक बघावं.

ऑपरेशन दुपारी तीनला होतं. आज हुकलं तर पुढचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी तिच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

“काही खाल्लंत का?” आजीनं विचारलं.

“सूप केलंय, आई,” सून म्हणाली. “काचांवर नुसती वाफ. बाहेरचं काही दिसेनासं झालंय.”

“मग बाहेर पडा! सूप प्यायला गेलात का तिकडे?”

मुलगा रेडिओत कामाला होता. फोन कुठे धरायचा, कुणी कधी बोलायचं, हे तोच ठरवत होता. “वाऱ्याच्या आड धर. जरा खाली. हं, आता बोल.”

फोन : ५८ टक्के

बाजार. लोकरीच्या टोप्या.

“ही कान झाकते का हो?” सुनेनं विचारलं.

“झाकते, बाई,” जाडाभरडा आवाज आला. “नवरा काय बोलतोय तेसुद्धा ऐकू येणार नाही.”

“मग दोन द्या!”

आजी इतकी हसली, की नर्स धावत आली.

“मला का नाही भेटला असा टोपीवाला? तुझ्या सासऱ्यांची बडबड ऐकण्यात चाळीस वर्षं गेली माझी. पण घसा बसलाय वाटतं त्याचा?”

“थंडी आहे ना, आई.”

सायरन वाजला. मुलानं झटकन फोन पोटाशी धरला.

“मोठं शहर म्हटलं की हे आलंच,” सून मोठ्यानं म्हणाली.

“इथेही दिवसभर तेच,” आजी म्हणाली. “बरं, माझी भोंगा कुठाय? दमली?”

“नाही!” भोंगा धापा टाकत म्हणाली. “आजी, मी खूप पळले! आता घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायचंय!”

फोन : ९ टक्के

अडीच वाजले होते.

“थंडीनं बॅटरी खाल्ली,” मुलगा म्हणाला. त्याची बोटं निळी पडली होती.

“मनोऱ्यात इतका वेळ घालवायची काय गरज होती?” सून म्हणाली. “पायऱ्या मोजत बसलात!”

“तिला दोनशे पायऱ्या ठाऊक आहेत. दीडशेला थांबलो असतो तर?”

“बंद पडला तर आजी सही नाही करणार?” भोंगानं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

“सरळ पूल घेऊ,” मुलगा म्हणाला. “लाव फोन.”

बर्फात बुटांचा आवाज. करकर, करकर. मग शांत.

“आलो, आई. अगदी मधोमध उभे आहोत.”

“कठडा गार लागतोय?”

“हात चिकटतोय.”

“तुझे बाबा म्हणाले होते, हात इथेच चिकटला तर बरं.” आजी म्हणाली. “नदी ऐकव की रे.”

आधी बारीक धार ऐकू आली. मग पाणी खळाळलं.

फोन : २ टक्के

आजीनं कागद मागवला. लफ्फेदार सही केली.

“आता आडवं व्हा,” नर्स म्हणाली. “न्यायला येतील.”

“थांब गं बाई. माझी माणसं पुलावर आहेत.”

फोन कानाला लावून ती खिडकीशीच उभी राहिली. तीन मजले खाली, इस्पितळाच्या वाहनतळात कॅरॅव्हॅन उभी होती. चाकांभोवतीचा कालचा बर्फ जराही मोडलेला नव्हता. सून जागच्या जागी पाय आपटत होती. भोंगानं फोन बादलीपाशी धरला होता, आणि बर्फात गुडघे टेकून बसलेला आजीचा मुलगा किटलीनं बादलीत पाणी ओतत होता. वर कुणीच बघत नव्हतं.

“अगं बाई!” आजी फोनवर म्हणाली. “नदीला काय पाणी आलंय रे!”