तिसरी हाक

काच तडकलेला मोबाईल.

दोनशे पानी वही. परक्या अक्षरांच्या डोक्यावर रेघा. एक आडवी. एक चढती. एक खाली जाऊन वर आलेली. एक पडती.

ओढ्याला पाणी घोट्याएवढं.

रविवार, दुपारी बारा. पोरगी बघायला येणारी नांदूरघाटची पाच माणसं.

कोकराच्या गळ्यातली घंटी, वाजू नये म्हणून मुठीत आवळलेली.

मूठ आसारामची. कोकरू काखेत धरून तो अर्धा तास बाभळीआड उभा होता. वीस पावलांवर, ओढ्याकाठच्या खडकावर, त्याची पोरगी पाठमोरी बसली होती.

परमेश्वर, त्याचा धाकटा भाऊ, काल म्हणाला होता, "दादा, पोरगी रोज दहाला ओढ्याला जाती. फोनवर गडी असतो." आणि मग हसून, "चिनी शिकती म्हणं विद्यापीठात. आपल्या लिंबागणेशात चिनी कुणासंगं बोलायची गं बाई?"

ते हसणं आसारामला रात्रभर टोचत राहिलं. खोटं तरी काय होतं त्यात? दिवाळीच्या सुट्टीला आल्यापासून योगिता घरात मुकी आणि ओढ्यावर बोलकी. वही त्यानं सकाळीच चोरून चाळली होती. त्याला वाचता येत नव्हतं. पण त्या रेघा त्यानं बरोबर वाचल्या.

या डोंगरातल्या मेंढक्यांच्या हाका चार. शब्द नसतो, नुसता आवाज. सपाट, लांबलेली: सगळं ठीक. चढती: कुठं हायस? खाली जाऊन वर येणारी: ओढा उतर, इकडं चढून ये. वरून आपटलेली: थांब, कुणीतरी बघतंय.

योगिता पहिलीपासून वसतिगृहात वाढली. तिला या हाका घरात कुणी शिकवल्या नव्हत्या.

मग कुणी शिकवल्या?

फोनमधल्या गड्यानं पहिली हाक दिली. पोरीनं दिली. त्यानं दुसरी दिली. पोरीनं दिली. मग तिसरी. इथं ती अडखळली. त्यानं पुन्हा तिसरी दिली. पुन्हा. पुन्हा. आसारामनं मोजलं. सात वेळा तो गडी तिला ये म्हणाला.

पलीकडच्या अंगाला कोण कोण मेंढरं राखतं, त्यात कोण बिनलग्नाचं, हे आसारामनं उभ्या उभ्या मनात चाळून घेतलं. रविवारी पाहुण्यांना काय सांगायचं तेही ठरलं. विद्यापीठ बंद. फोन बंद. होकार.

त्यानं मूठ सोडली. घंटी वाजली. योगिता वळेस्तोवर फोन त्याच्या हातात होता.

"कोण हाय त्यो?"

"कोण, आबा?"

"कावून बोलावतोय तुला?"

योगिता आधी घाबरली, मग तिला हसू आलं, आणि बापाचा चेहरा बघून ते गिळावं लागलं. "पुस्तकातला माणूस हाय तो."

"पुस्तकातला माणूस हाका मारतो व्हय?"

"हाका न्हाईत. चिनी बोलायचं म्हंजी शब्दाला चढउतार लागतो. चार परकारचा. आमच्या पुस्तकासंगं आवाज येतो, तो ऐकून म्हणायचं." तिनं फोन घेतला, बोट लावलं. गडी बोलला. पुन्हा लावलं. तोच गडी, तेच बोलला, एवढासाही फरक नाही. "बघा. जित्ता माणूस असता तर वैतागला असता एव्हाना."

आसारामनं फोन परत घेतला, उलटा करून मागून पाहिला. मागं कुणी नव्हतं, तरी संशय मावळला नाही.

"मंग तिसरीलाच कावून अडतीस?"

योगितानं मान खाली घातली. चोरी पकडली गेल्यासारखी. मग म्हणाली, "तीच येत न्हाई मला. पहिलं वरीस निघून गेलं. आता दुसऱ्या पायरीची तोंडी परीक्षा हाय, बोलून दाखवायची. मागच्या खेपेला तिच्यापायीच नापास झाले. आता झाले तर शिष्यवृत्ती गेली. मंग हायेतच की तुमचे नांदूरघाटवाले."

"म्हण बरं."

तिनं म्हटलं. आसारामनं मान हलवली. तिनं परत म्हटलं. त्याला राहवेना.

"अगं, उतरतच न्हाईस तू! अर्ध्या दरडीतनंच माघारी फिरतीस. पार तळाला जायचं, पाय भिजले पाह्यजे. मंग वर."

"म्हंजी कसं?"

कोकरू खाली ठेवून त्यानं तोंडाला हात लावला. आवाज त्याच्या छातीत उतरला, तळाला टेकला, आणि ओढ्यावरून पलीकडच्या दरडीवर चढला.

पलीकडं गवत कापणारी दगडाबाई ताठ उभी राहिली. भारा तिथंच टाकून, विळा हातात घेऊन ती दरड उतरली. लुगडं वर धरून पाण्यातून आली. धापा टाकत वर चढली.

"काय झालं? कावून बोलावलं?"

योगितानं आईकडं पाहिलं, मग बापाकडं. "आई, तुलाच बोलावलं हे तुला कसं कळलं?"

दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "इचार की तुझ्या बापाला."

आसाराम खाली वाकला. कोकराची घंटी सारखी करू लागला. ती सारखीच होती.

"परीक्षा कवा हाय?" त्यानं घंटीलाच विचारलं.

"सोमवारी सकाळी."

"म्हंजी रविवारी निघावं लागंल."

"अन् पाहुणे?"

"त्यांचं मी बघतो. तू म्हण. पार तळाला जाऊन."

योगितानं म्हटलं.

बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्याच्या नावाची हळद लागायच्या आदल्या सकाळी, दगडाबाई याच हाकेवर हा ओढा उतरून आली होती.