आतला अर्धा तास

अंतराळात एके ठिकाणी काळ विचित्र वागायचा. ते तपासायला आमचं यान गेलं होतं. यान मी चालवत होते. त्या जागेच्या आत जेमतेम अर्धा तास थांबून बाहेर पडलो, तर रेडिओवर लेकीचा निरोप आला. निघताना ती पाळण्यात होती. "आई, मी आता तुझ्याएवढी झालेय. कुठे आहेस?" कप्तान शांतपणे म्हणाले, "मोजमापं अपुरी आहेत. पुन्हा आत जाऊ." "बाहेर इतकी वर्षं जातील हे तुम्हाला ठाऊक होतं!" मी ओरडले. "म्हणूनच बायकोला नर्स करून सोबत आणलंत. आम्हाला मात्र आठवड्यात परतू म्हणालात!" "खरं सांगितलं असतं तर आलं असतं कुणी?" कप्तान म्हणाले. दारातल्या नर्सबाई पुढे आल्या. "अहो, मलाही आठवडाच सांगितलात! माझी आई गेली असेल हो!" त्यांनी नवऱ्याच्या गळ्यातली यानाची किल्ली हिसकावून माझ्या हातावर ठेवली. "यान घराकडे वळव, पोरी. तुझी लेक तरी भेटू दे."