रविवारची माणसं

शिरगणतीच्या कागदावर रविवारी रात्री घरात झोपणाऱ्यांचीच नावं लिहायची होती. नवरा बोटीवर गेलेला, म्हणून टॅम्सिनने शनिवारी दुपारीच तीन ओळी लिहून टाकल्या: ती स्वतः, चार महिन्यांची एडिथ आणि सासरे जॉब ट्रेगीअर, लष्करी पेन्शनर.

शाई वाळली तेव्हा एडिथची ओळ कोरी होती.

तिने नाव पुन्हा लिहिलं. तेही विरलं, आणि सासऱ्यांची ओळ आणखी काळी झाली. घाबरून तिने त्यांच्या नावावर रेघ मारली, तसं एडिथचं नाव हळूहळू उमटून आलं.

पाठीमागे म्हातारा उभा राहून सगळं बघत होता.

"मामंजी, उद्या एक रात्र वन्संकडे झोपायला जाल का? तुमच्या पाया पडते."

"सेबास्तोपोलच्या वेढ्यात, लढाईवर असताना, अख्खा हिवाळा चिखलात झोपलो, पोरी. आता माझं अंथरूण मी सोडत नाही."

"आणि एडिथ?"

"तुम्ही दोघं तरुण आहात. दुसरी होईल."

त्याने टाक उचलला, खोडलेल्या नावाखाली आपलं नाव सावकाश लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर घातली.

पाळण्यात रडणारी एडिथ मध्येच गप्प झाली.